सेनबाबूंचं पान

कलकत्त्यात, लांबच्या डमडमच्या भाड्यात बालीगंजसारख्या महागड्या वस्तीत घर मिळालं, तेव्हा बँकेतले सगळे श्यामसुंदर पटवर्धनवर जळले. घर इतकं स्वस्त का, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. भाडं थकलं म्हणून मालकाने आधीच्या भाडेकरूला, सेनबाबूंना, बाहेर काढलं होतं. जिना उतरता उतरता ते कोसळले आणि तिथेच गेले. मग त्या घराकडे कुणी फिरकलं नाही.

एकावन्नच्या पितृपक्षात गच्चीवर ठेवलेल्या वडिलांच्या पानाला कावळा लगेच शिवला. शेजारी बायकोने, प्रेमलताने, आणखी एक पान वाढलं होतं. त्याला कावळा शिवेना.

"हे कुणाचं गं?"

"सेनबाबूंचं. अहो, काहीतरी कबूल करा त्यांना."

श्यामसुंदरने हात जोडले. "दरवर्षी तुमचं पान वाढू."

कावळा कठड्यावरून हलला नाही.

"ते नकोय त्यांना," प्रेमलता म्हणाली. "त्यांची बायको मुलांना घेऊन धर्मशाळेत पडलीय. तिला एक खोली देतो म्हणा."

दोनच तर खोल्या होत्या. शेवटी श्यामसुंदरने दर्भाचा कावळा केला आणि पानाला टेकवला.

"शिवला," तो म्हणाला.

खरा कावळा कठड्यावरून बघत होता.