सदूभाऊंनी पारखलेली लॉरी

सदूभाऊ कुठलीही वस्तू घेण्याआधी तिच्या पाठीवरून हात फिरवीत. मग तो बैल असो, सायकल असो की पाटावरवंटा. चांदा जिल्ह्यात मूल गावाकडच्या आमच्या खेड्यात त्यांना सोबत नेल्याशिवाय कोणी बैल घेत नसे. "तोंड पाहून बैल समजत नाई, चालवून पाहा," असं ते सांगत. मी नागपूरला शिकत होतो तेव्हा वडिलांच्या धानाच्या बांध्यांत त्यांचीच जोडी फिरली. आमच्या घरातला पहिला बी. ए. त्यांच्या बैलांनी केला, हे मी कधी विसरलो नाही.

पण पदवी डोक्यात गेली की माणूस काय करील याचा नेम नाही. मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि माझा मुलगा सुधाकर पाच वर्षांचा झाला होता. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला लहान मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून तोरणाखाली रांगेत आणतात. त्या रांगेत उभं राहण्याचा त्याचा तो पहिलाच पोळा. मी ठरवलं, नव्या भारतातला मुलगा बैल का ओढील? मोटार आणू!

चांद्याच्या दुकानात चावीच्या, पत्र्याच्या गाड्या होत्या. निळी मोटार की लाल लॉरी, यावर मी शाळा तपासायला आलेल्या साहेबाच्या गांभीर्याने विचार करत बसलो. सोबतच्या सदूभाऊंनी दोन्ही जमिनीवर सोडायला लावल्या. मोटार सरळ गेली. लॉरी डावीकडे उधळली.

"मोटार घेऊ," मी म्हणालो.

"थे मवाळ हाय, मास्तर. दम या लॉरीत हाय. डाव्या अंगानं ओढते, जुवाले कामी येईल."

"भाऊ, लॉरीला जू नसतं."

"आज नाई. उद्याचं कोनं पाह्यलं?"

मग त्यांनी आपला दुपट्टा दुकानदाराच्या हातावर टाकला आणि बैलबाजारातल्या रीतीप्रमाणे त्याखाली बोटं दाबून भाव करू लागले. दुकानदाराने दचकून हात ओढला. "मास्तरजी, ये क्या कर रहे हैं?" मी छताला टांगलेले पतंग पाहू लागलो. घेतली मात्र लॉरीच. घरी सांगितलं, रंग मी निवडला.

तान्ह्या पोळ्याला सुधाकर रांगेत उभा राहिला. चावी मीच भरली होती, चांगली गच्च. "सोड!" मी ओरडलो. लॉरी डावीकडे उधळली आणि शेजारचे तीन बैल आडवे झाले. एक पोरगं रडू लागलं, बाकीची हसू लागली. पाटील म्हणाले, "पोळ्यात मोटार काऊन आनली जी? काढा भायेर!" सुधाकर माझ्याकडे पाहू लागला. मी नव्या भारताविषयी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर लोक आडवे बैल उभे करत होते.

सदूभाऊ पुढे आले. "भायेर काऊन? गोऱ्हा मीच पारखला. नवा हाय, वेसण नाई म्हून उधळला." ते उकिडवे बसले, तोरणाची सुतळी तोडून लॉरीच्या पुढच्या पत्र्यातून ओवली, वेसणीची गाठ मारली आणि दोरी सुधाकरच्या हातात दिली. "ओढ बाप्पू." चावी काढून त्यांनी मला दिली. "हे तुमीच ठेवा."

पाटील हसले. लॉरी रांगेत राहिली. दारोदारी बायांनी बैलांचे पाय धुवावेत तशी तिची चाकं धुतली, टपाला कुंकू लावलं. त्या पाण्यानं ती आतून गंजली आणि चावीनं पुन्हा कधी धावली नाही. सुधाकर रोज दोरीनं ओढायचा.

पुढच्या उन्हाळ्यात सदूभाऊ तापानं गेले. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला आणखी दोन पोरांनी डब्यांच्या लॉऱ्या करून आणल्या आणि वेसण घालायला माझ्याकडे आले, कारण मी मास्तर. मी उकिडवा बसलो. गाठ मारली, सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली.

"मास्तर, पुढची पोरं निंघाली ना जी!"

सुधाकरनं माझ्या हातातली सुतळी काढून घेतली. "थांबा बाबा. भाऊनं मले शिकवली हाय."

मी बाजूला सरकलो. त्यानं दोन्ही गाठी मारल्या, ओढून पाहिल्या, आणि तिघं धावत रांगेत शिरले.