पाटील जेवना का?

दवाखान्यातली शेवटची भेट म्हणावी तर तिच्यात काही विशेष नव्हतं. संध्याकाळची वेळ, नंदुरबारचा दवाखाना, खिडकीपाशी बायकोची खाट. मी डबा उघडला, मुगाची पातळ खिचडी होती. तिने दोन घास खाल्ले आणि तोंड फिरवलं. मग रोजचाच प्रश्न विचारला, "पाटील जेवना का?" मी म्हणालो, "जेवना." "पाटलीण बसेल शे ना अंडास्वर?" म्हणालो, "बसेल शे, तिले काय धाड भरनी." तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं... मला वाटलं काही मागते आहे. मी पाण्याचं भांडं पुढे केलं. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा आणायला खाली गेलो आणि वर आलो तेव्हा नर्सबाई पडदा ओढत होत्या. चहा हातातच राहिला.

पाटील आणि पाटलीण ही माणसं नव्हेत. आमच्या परसात राजहंसांची जोडी होती, त्यांची ही नावं. नराची चाल बघितली असती तर तुम्हीही त्याला पाटीलच म्हटलं असतं. छाती पुढे, मान ताठ, वाटेत कुणी आलं की फिस्सकन अंगावर जाणार. वच्छला, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "याले फक्त फेटा बांधाना बाकी शे." लोक त्यांना बदकं म्हणायचे, त्याचा तिला राग. बदक वेगळं, हंस वेगळा, हे तिने अख्ख्या गल्लीला शिकवलं होतं.

आम्ही मूळचे शहाद्याकडचे, लोणखेड्याजवळचे. तरणा होतो तेव्हा नवापूरच्या पोल्ट्रीत कामाला लागलो आणि तिथेच म्हातारा झालो. मी चौथी शिकलेला माणूस. शेडमध्ये खाद्य टाकायचं, अंडी गोळा करून ट्रेमध्ये भरायची, मेलेली कोंबडी बाहेर काढायची. अंड्याच्या शेडमध्ये नर नसतोच. त्याला तिथपर्यंत येऊच देत नाहीत, कारण तो खातो आणि देत काही नाही. आयुष्यभर हेच बघितलं, त्यामुळे पक्षी म्हटलं की माझ्या डोक्यात एकच हिशोब यायचा, देतो किती आणि खातो किती. वच्छलाच्या डोक्यात हा हिशोब कधी शिरलाच नाही.

पहिली जोडी तिने सोनगडकडच्या बाजारातून आणली होती, टोपलीत घालून, एसटीतून. आमच्या घरामागे गवत फार आणि त्यात साप निघायचे, म्हणून कुणीतरी तिला सांगितलं की हंस पाळा, साप फिरकणार नाही. मी कामावरून आलो तर दारात हे दोन पांढरे पाहुणे. म्हणालो, "अंडा किती देतस या?" तर म्हणे, "वरीसमा एकदाव, थोडाफार." मी कपाळावर हात मारला. कोंबडी रोज देते, आणि हिने वर्षातून एकदा देणारा पक्षी आणला! ती म्हणाली, "तुम्हले पोल्ट्रीमा अंडा कमी पडतस का? घर बी पोल्ट्री करनी शे का?" आणि साप खरंच दिसेनासे झाले, हे मला नंतर कबूल करावं लागलं.

त्या जोडीची पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली. एके काळी परसात आठ-दहा हंस असायचे. सकाळी ती कोंडा आणि बाजरी भिजवून घालायची, विळीवर लसूणघास बारीक चिरायची. सिमेंटच्या जुन्या टाकीत पाणी भरून ठेवायची, कारण त्यांना खाता खाता चोच आणि डोळे बुडवायला पाणी लागतं, नाहीतर डोळे चिकटतात. मादी अंड्यांवर बसली की घरात मोठ्याने बोलायला बंदी. मादी खायला उठताना छातीची पिसं उपटून अंडी झाकून ठेवते, ते मला दाखवायला वच्छलाने एकदा हाताला धरून नेलं होतं. मी बघितलं, म्हणालो, "हां, बरं शे," आणि परत आलो. पोल्ट्रीत मी लाखो अंडी हाताळली असतील, पण झाकलेलं अंडं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तसं बोललो असतो तर तिला किती बरं वाटलं असतं...

तिची एक रीत होती. हंस मागायला पुष्कळ लोक यायचे, पण ती एकटा हंस कुणाला द्यायची नाही. द्यायची ती जोडी, आणि तीसुद्धा आपसात जमलेली जोडी. कोण कुणाबरोबर फिरतो, कोण कुणाशेजारी झोपतो हे महिनोन् महिने बघून ठरवायची. देताना दोघांच्या डोक्यावर कुंकवाचं बोट लावायची आणि घेणाऱ्याला म्हणायची, "जोडीवरी देस, जोडीवरी ठेवा." लोक हसायचे. मीसुद्धा हसायचो. म्हणायचो, "पोर वाटे लावी ऱ्हायनी का तू?" ती म्हणायची, "पोरना बाप तुम्हीच शेतस, मंग दोन आसू गाळा." गुडघे दुखायला लागले तशी तिने एकेक जोडी वाटेला लावली आणि शेवटी ही म्हातारी जोडी तेवढी ठेवली.

यंदा पाटलीण अंड्यांवर बसली आणि थोड्याच दिवसांत वच्छलाच्या पोटात पाणी झालं. दवाखान्यात ठेवावं लागलं. मुलगी मंगल, जी सासरी खांडबाऱ्याला असते, ती रात्री तिच्याजवळ थांबायची. मी दिवसा. सकाळी घरी दोन भांडी भात-खिचडी करायची, डबा भरायचा, गाडी पकडून नंदुरबार गाठायचं. आणि घरी हा पाटील. मादी बसली की नर पहारा करतो, कुणालाही जवळ येऊ देत नाही. वच्छला होती तेव्हा तिला तो काही करायचा नाही. मला मात्र घरातला माणूस मानायलाच तयार नव्हता. दाणे टाकायला गेलो की पिंढरीला चावायचा. रात्रभर ओरडायचा. एका सकाळी डबा भरून निघालो तर मागून आला आणि पंख असे झाडले की डबा हातातून सुटला, खिचडी सगळी मातीत. गाडी चुकली. दवाखान्यात मी रिकाम्या हाताने गेलो. त्या दिवशी ती उपाशी राहिली नाही, मंगलने कुठून तरी आणून दिलं, पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

खांडबाऱ्याकडच्या एका फार्महाऊसवाल्याला शोभेला एकच हंस हवा होता, वच्छलाने त्याला आधीच नाही म्हणून सांगितलं होतं. मी त्याला फोन लावला. मनात विचार केला, अंडी घालून झाली, आता नराचं काम काय? खातो आणि चावतो. तो मोटारसायकलवर आला. पाटलाला पोत्यात घातलं, मान तेवढी बाहेर. मी कुंकू लावलं नाही हे सांगायलाच नको. गाडी फाटकातून निघाली तेव्हा पाटलीण अंड्यांवरून उठली. पिसांनी अंडीबिंडी काही झाकली नाहीत. धावत फाटकापर्यंत आली आणि मान उंच करून ओरडायला लागली. रस्त्यावरून पाटलाचा आवाज येत होता, तो लांब गेला, मग बंद झाला. ती दुपारपर्यंत तिथेच उभी. अंडी तिकडे गार पडत होती. मी तिला काठीने हाकलत आत नेली.

वच्छलाने त्या संध्याकाळी विचारलं, "पाटील जेवना का?" मी "जेवना" म्हणालो. आजारी माणसाला कशाला सांगायचं, घरी आल्यावर बघू, असा माझा विचार. पण ती रोज विचारायची. एका शब्दाने भागेना, म्हणून मी गोष्टी रचायला लागलो. "आज पाटीलनी दूधवालाना पायजामा फाडी टाका." ती हसली, पोट धरून हसली. "बरं झायं. लई पानी टाकस तो दूधमा." दुसऱ्या दिवशी सांगितलं की पाटील टाकीत उतरून असा न्हाला की माझ्या अंगावर चिखल. तिसऱ्या दिवशी आणखी काही. मला या कामात मजा यायला लागली. गाडीत बसल्या बसल्या जुळवायचो, आज पाटलाने काय केलं ते. आमचं लग्न झाल्यापासून मी तिच्याशी इतकं बोललो नसेन. मनात म्हणायचो, बघ, मरणाच्या दारात बसलेल्या बायकोला मी हसवतो आहे.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मंगल भांडी लावत होती. परसात पाटलीण एकटी बसलेली बघून ती म्हणाली, "आबा, एक सांगू का? मायले माहीत व्हतं." मला काही कळेना. "पाटीलले तुम्ही दई टाकात ते. आमना तथलाच माणूस तो, मन्हा तोंडमाईन निंघी गयं पहिल्याच आठवडाले." मी विचारलं, मग काय म्हणाली ती? मंगलने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मी म्हनू, आबाले बोलस. ती म्हने नको, त्यासले काही बोलू नको. आबा सोता सांगतीन."

मी ओट्यावर खाली बसलो. म्हणजे ती रोज विचारत होती ते मला सांगता यावं म्हणून. दूधवाल्याचा पायजामा, टाकीतली अंघोळ, ती हसत होती ते कशाला, हे आता कुणाला विचारू? मला कमीपणा वाटू नये म्हणून हसली असेल. की खरंच हसू आलं असेल, म्हातारा काय काय रचतो म्हणून... शेवटच्या संध्याकाळी ती माझ्याकडे बघत होती आणि मी पाण्याचं भांडं पुढे केलं. त्यानंतर विचारायला ती राहिली नाही. मंगल म्हणते, "आबा, मनले लावी लेऊ नका, माय रागमा नव्हती." रागात असती तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तर फिटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी खांडबाऱ्याला गेलो, पाटलाला परत आणायला. सोबत पोतं नव्हतं, वच्छलाची मोठी टोपली होती. फार्महाऊसवाला भला माणूस, त्याने खुर्ची दिली. म्हणाला, नेल्यापासून त्याने नीट खाल्लंच नाही, कुंपणाला लागून चकरा मारायचा. एका पहाटे कुंपणाच्या फटीतून बाहेर पडला आणि रस्त्यावर कुत्र्यांनी धरला. नवापूरच्या दिशेने निघाला होता म्हणे. मी टोपली उचलली तर तो म्हणाला, "काका, मन्हाकडे दुसरा नर शे, तो लई जा. काय फरक पडस? नर तो नर." हे माझंच बोलणं. शेडमध्ये उभा राहून मी हे कितीदा बोललो असेन. मी त्याला हात जोडले आणि रिकामी टोपली घेऊन गाडीला बसलो.

अंडी मी बॅटरीच्या उजेडात बघितली, ते काम मला येतं. एकातही जीव नव्हता. पाटलीण त्यांच्यावर पुष्कळ दिवस बसून राहिली, मी उचलली नाहीत. मग एक दिवस तीच उठली आणि परत गेली नाही. मी अंडी लिंबाखाली पुरली.

आता घरात मी आणि परसात ती. सकाळी बाजरी आणि कोंडा भिजवतो, घास चिरतो. विळीवर बोट कापतं अधूनमधून, वच्छला इतका बारीक कसा चिरायची कोण जाणे. टाकीतलं पाणी बदलतो. पाटलीण चावत नाही, ओरडत नाही. दाण्याची पाटी ठेवली की मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहते. मंगल म्हणते, सवय होईल तिला, जवळ येईल. मला नाही वाटत, आणि आली नाही तरी माझी तक्रार नाही. मी पाटी ठेवतो आणि मागे सरतो, ओट्यापर्यंत. तरी ती खात नाही. मग मी घरात जातो, दार लोटून घेतो, आणि आत उभा राहून ऐकतो... थोड्या वेळाने पाटीत चोच वाजते.