डायरेक्ट न करणारे मामा

मामा गेल्याचा फोन शहापूरहून आला, तेव्हा आई कपडे वाळत घालत होती. सकाळचा चहा पिऊन ते खुर्चीतच गेले, त्रास झाला नाही... एवढं सुख त्यांनी नक्कीच कमावलं होतं.

जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते वॉशिंग मशीन दुरुस्त करत. आमच्याकडे नळाला जोर नाही. मशीनमध्ये बादलीनं पाणी ओततात, म्हणून बादली टेकवायला मशीनशेजारी कायम स्टूल असतं. त्यावर लेकरू चढतं. ड्रायरचं झाकण उचललं की आतलं गरगरणारं भांडं थांबावं, यासाठी झाकणाखाली स्विच असतो. तो बिघडला की बाकीचे मिस्त्री तारा थेट जोडतात, मग झाकण उघडं असलं तरी ड्रायर फिरतच राहतो. मामांनी हे कधी केलं नाही. गिऱ्हाइकं तुटली, तरीही.

दोन वर्षांपूर्वी आमचाच स्विच गेला. ताईची अडीच वर्षांची प्रज्ञा तेव्हा आमच्याकडे होती.

"डायरेक्ट करून दे न दादा, घरचीच त मशीन आहे," आई म्हणाली.

"लेकरूबी घरचंच आहे न," म्हणत मामांनी ड्रायरची तारच काढून खिशात घातली.

"भाऊ आहेस का वैरी? हातानं पिळू काय मी?"

"पीळ. दंडाले जोर येते."

नागपूरहून स्विच येईस्तोवर आठ दिवस आई त्यांच्याशी बोलली नाही. मी, वडिलांच्या चळवळीतल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर वाढलेला, पेटून पत्रक लिहून बसलो: सुरक्षा ही कंपन्यांची मेहरबानी नाही, लेकरांचा हक्क आहे! मामांनी चष्मा लावून वाचलं. "बेस आहे. पण स्टूल हटवा, हे काहून नाही लिहिलं?" मी तीच पहिली ओळ केली आणि मामांनी पत्रकं शहापुरात घरोघरी वाटली. कंपन्यांवरचा माझा राग आजही मला रास्त वाटतो. पण शहापुरातल्या बायांनी स्टुलं उचलून आत ठेवली, ती त्या ओळीनं.

गेल्या आठवड्यात स्विच पुन्हा गेला. नवा मिस्त्री म्हणाला, "काकू, डायरेक्ट करून देतो, दोन मिनिटाचं काम. घरात लहान लेकरू त नाही आता."

"शेजारची लेकरं आहेत न. येतात दिवसभर," आई म्हणाली. "नवीन स्विच आण. तवर राहू दे बंद."

तो गेल्यावर तिनं ओल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. मी मनातल्या मनात मामांवरची वाक्यं जुळवत होतो...

"जोर लाव न रे," ती हसत म्हणाली, "मामावरचा लेख मंग लिहिजो."