देव सरकवताना

सातवीत शाळा सोडली आणि मी परभणीकडच्या गावातून नाशिकला आले. पोळी-भाजीचं दुकान चालवणाऱ्या काकींनी काम दिलं, वर माळ्यावर झोपायला जागाही दिली. ते उपकार मी विसरणार नाही. पण दुकानाची पत्र्याची शेड पार फुटपाथवर आलेली. ती पाडली तर माझं काम जाणार, जागाही जाणार, म्हणून पोळ्या लाटताना माझा जीव सारखा रस्त्याकडं.

एक दिवस काकी म्हणाल्या, "गोदावरीतून एक गोटा आण, शेंदूर लाव आणि शेडला टेकून ठेव. देवाला कोण हात लावतंय!"

हीच नदी पुढं आमच्याकडं जाते. मी गोटा लेकरासारखा कडेवर घेऊन आले. शेंदूर मीच लावला, म्हणजे तो देव नाही हे मला पक्कं ठाऊक. तरी रिक्षावाले पाया पडू लागले, कुणी झेंडू वाहिला, आणि पहाटेच्या धुक्यात तो नुकता जागा झाल्यासारखा दिसायला लागला. शेड पाडायला आलेली माणसं हात जोडून परत गेली, तेव्हा मीही हळूच म्हटलं, "असंच लक्ष ठेव, बाबा."

मग काकींना टेबलं मांडायला आणखी जागा हवी झाली. "देवाला दोन हात पुढं सरकव गं."

मी वाकले. कडेवर आणलेला गोटा आता दोन्ही हातांनी हलेना.

"जेवली नाहीस का?" म्हणत काकी हसत आल्या, वाकल्या आणि थांबल्या. मग त्यांनी आधी पायातल्या चपला काढल्या.