माया संपली, पट्टी लागली

माझी आत्या शिंपीण होती. तिच्या जिभेपेक्षा तिची कात्री मऊ. नगरपालिकेच्या जिन्याखालच्या खोलीत तिचं मशीन होतं. खिडकीबाहेर घरपट्टी भरणाऱ्यांची रांग, आत आत्याच्या पायडलची खडखड. त्या खोलीवर तिचा जीव होता, पण खोली पालिकेची आणि मर्जी नगराध्यक्षांची.

अध्यक्षांचा समारंभाचा काळा कोट गावाच्या पैशातून आलेला. पहिल्या निवडणुकीनंतर तो त्यांच्या अंगावर नुसता लोंबायचा. पुढे साहेब भरत गेले आणि आत्या कोट उसवून सैल करत गेली. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. त्या मायेवर साहेबांच्या आणखी दोन निवडणुका निघाल्या.

नव्या बागेच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब कोट घेऊन आले. बटण काजापर्यंत पोचेना. आत्याने कोट उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि मशीनच्या आवाजावर बोलायच्या सवयीने ओरडली, "साहेब, सगळी माया खाल्लीत की! आता पट्टी लावल्याशिवाय भागायचं नाही!"

बाहेरच्या रांगेत असा हशा उठला की वरचे कारकून जिन्यात धावत आले.

साहेब लालबुंद. "बाहेर जाऊन सांगा, मी असं म्हणालेच नाही. नाहीतर उद्या खोली रिकामी करा."

लोक का हसले ते आत्याला कळलंच नव्हतं. "अहो, म्हणाले ना पण! खोटं बोलून बटण लागणार आहे का?"

साहेब कोट तिथेच टाकून निघून गेले. आत्या बराच वेळ खोलीकडे बघत बसली. मग तिने स्वतःच्या ठेवणीतल्या काळ्या शालीची कड कापली आणि कोटाच्या दोन्ही बगलांखाली पट्ट्या जोडून तो साहेबांच्या घरी पाठवला.

दुसऱ्या दिवशी फीत कापायला साहेबांनी हात उचलला. शालीचा काळा जरा निराळा, तो लगेच दिसला.

"साहेब, पट्टी लागली का हो?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

साहेबांनी आपल्या बगलेत पाहिलं, मग गर्दीतल्या आत्याच्या अंगावरच्या कड कापलेल्या शालीकडे. बटण लागलं होतं, श्वास मोकळा येत होता.

"लागली," ते म्हणाले, "पण यंदा एकट्या आत्यालाच!"

सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे कर वाढला की लोक म्हणतात, "वर माया संपली, खाली पट्टी लागली." आत्याला ते शेवटपर्यंत आवडलं नाही. "कोट नीट बसला ना?" ती म्हणायची, "मग दात काय काढता!"