आधी बाप, मग पोर

आमच्या कळसाडीच्या घरात बापाने भाकरी मोडल्याशिवाय कुणी घास तोंडात घालायचा नाही. मग तो केळीच्या शेतातून कितीही उशिरा येवो. ठिबकच्या नळीचा हातभर तुकडा दाराआड टांगलेलाच असायचा. माझ्या पाठीशी त्याची चांगली ओळख होती.

म्हणूनच शहाद्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या तोंडी परीक्षेला सरांनी जेव्हा विचारलं, ‘फोर्क केल्यावर एका प्रोसेसच्या दोन होतात, पालक आणि मूल. आधी कोण चालतं?’ तेव्हा मी बेधडक म्हणाले, ‘पालक. कायम.’

‘का?’

‘तोच मोठा ना, सर.’

अख्खी लॅब खिदळली. सरांनी मशीनवर आणखी चार-पाच जड प्रोग्रॅम सुरू केले आणि मी लिहिलेला फोर्कचा प्रोग्रॅम पुन्हापुन्हा चालवला. पडद्यावर ओळी उमटू लागल्या. पालक, मूल. पालक, मूल. मग एकदम मूल वर, पालक खाली. ‘कुणाची पाळी ते मशीनमधला शेड्यूलर ठरवतो, त्याला लहानमोठं कळत नाही. क्रम हवा असेल तर वेट लिहून पालकाला थांबवायचं, मुलाचं संपेपर्यंत,’ असं म्हणत त्यांनी वहीवर लाल रेघ मारली. नापास. आणि नापास झालीस तर कॉलेज बंद, हे बापाने आधीच बजावलं होतं.

एसटीतून उतरले ती पेटूनच. बाप अजून यायचा होता. मी ताट ओढलं आणि भाकरी मोडली. माय ‘नको वं बेटी’ म्हणत राहिली.

तेवढ्यात तो आला. लाथेने ताट उडवलं, वरण भिंतीवर गेलं. नळी माझ्या पाठीवर सपासप बसू लागली. ‘नापास व्हयनू मी, तुमनामुये!’ मी किंचाळले. माय मध्ये पडली, तर तिच्या कानशिलावर बसली. मग माझं डोकंच फिरलं. नळी हिसकावली आणि बापाच्या तोंडावर हाणली. एकदा नाही, तीनदा. ओठ फुटला, एक दात त्याच्या हातात आला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो सुजलेल्या तोंडाने ताटावर बसला. भाकरीला हात लावला नाही. ‘तू जेवी ले,’ म्हणाला. ‘तुन्हं व्हवू दे, मंग मी जेवसू.’

कॉलेज बंद झालं नाही. फेरपरीक्षेत मी वेट लिहिलं, पास झाले. आजही माझं ताट रिकामं होईपर्यंत बाप घास मोडत नाही. दाराआडची नळी कुणी काढली, ते मी विचारलेलं नाही. तो मायेपोटी थांबतो की मला भिऊन, तेही नाही. मी मुद्दाम सावकाश जेवते.