डिस्कला भिंती घालणारे मास्तर

नवी हार्ड डिस्क आली की आमचे मास्तर आधी तिला भिंती घालायचे, म्हणजे तिचे वेगळे भाग पाडायचे. अख्खी डिस्क मोकळी वापरणारा माणूस त्यांच्या मते एकाच खोलीत स्वयंपाक, अंघोळ आणि पाहुणे उरकणारा. भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या त्यांच्या कारखान्यात यंत्रमागांच्या खडखडाटाला लागून काचेची एक खोली होती. तिथे बसून ते साड्यांच्या किनारी संगणकावर काढत, आणि मी त्यांच्या हाताखाली ऑपरेटर होते. मालक तेच होते, तरी सगळा कारखाना त्यांना डिझाइनमास्तर म्हणायचा.

त्या एका संगणकात त्यांनी तीन बिऱ्हाडं थाटली होती. डिझाइनचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चालायचं आणि ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, म्हणून एक खोली जुन्या विंडोजला. बिलं आणि बँकेची कामं नव्या विंडोजशिवाय होत नसत, म्हणून दुसरी तिला. तिसरीत लिनक्स नावाची वेगळीच प्रणाली. व्यापाऱ्यांच्या मेल ते फक्त तिथेच उघडायचे, म्हणजे व्हायरस आलाच तर आपला बाहेरच्या खोलीत बसून राहील. सकाळी संगणक सुरू झाला की कुठे जायचं ते पडद्यावर विचारलं जाई. मास्तर चष्मा कपाळावर चढवून असा विचार करायचे, जणू खरंच ठरायचं आहे. जायचे मात्र रोज जुन्या विंडोजमध्येच.

दुसऱ्याची किनार उचलून आपल्या मागावर चढवणं आमच्याकडे कोणी फारसं मनाला लावून घेत नाही. मास्तर घेत. संगणकाच्या पेनड्राइव्हच्या जागांवर त्यांनी इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी लावली होती. माझा मोबाइल खोलीबाहेरच्या फळीवर राहायचा. डिझाइन मागावर न्यायला एकच चिप होती, ती त्यांच्या खिशात, आणि माल निघाला की ते ती पुसून टाकत. तयार साडीचा नमुना म्हणून तुकडासुद्धा ठेवत नसत. "तुकडा हाती लागला, की आठवड्यात शेलार गावातल्या मागावर हीच साडी निघंल," म्हणायचे. त्यांच्या त्या पहाऱ्यामुळे इतक्या वर्षांत त्यांची एकही किनार कोणाला उचलता आली नाही, हेही खरं.

मी एकदा म्हटलं, मास्तर, एक प्रत घरी ठेवा, तुमच्याच कपाटात. त्यांनी मान हलवली. "कॉपी हाय ना बेटा. लिनक्सच्या खोलीत हाय. इकडं आग लागली तरी मधे भिंत हाय." मी सांगितलं की भिंती कितीही घातल्या तरी घर एकच आहे, डिस्क एकच आहे. ते हसले आणि दोन कटिंग चहा सांगितले. माणूस इतका मायाळू की त्यांच्याशी वाद घालायला जीभ धजत नसे. माझ्या मुलीला ताप आला तर मला आधी घरी पाठवणारे आणि संध्याकाळी फोन करून औषध दिलं का विचारणारे तेच होते.

पुढे नव्या विंडोजची खोली भरून गेली. अपडेट आलं की ती रडायची. मास्तरांनी भिंत सरकवायचं ठरवलं. भिंत सरकवायची म्हणजे शेजारच्या दोन्ही खोल्यांतलं सामान उचलून पुढे न्यायचं, आणि ते नेत असताना मधेच थांबायचं नाही. असलं काम ते शुक्रवारीच काढत. शुक्रवारी माग बंद, जमीन हादरत नाही, व्होल्टेज नाचत नाही. आणि माग बंद म्हणूनच विजेची दुरुस्तीही शुक्रवारी निघते, हे भिवंडीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवशी सकाळी वीज गेली होती आणि परत आली होती. मास्तर म्हणाले, झालं, आजचा कोटा संपला. त्यांनी काम सुरू केलं, काम किती झालं ते दाखवणारी हिरवी पट्टी बराच वेळ सरकताना पाहिली आणि मला बसवून जुम्म्याच्या नमाजला गेले.

वीज पुन्हा गेली. यूपीएस टीं टीं करू लागला. मी मास्तरांना फोन लावला, तो नमाजात कोण उचलणार? पडद्यावर थांबवायचं एकच बटण होतं आणि त्याखालीच लिहिलं होतं, थांबवलं तर माहिती नष्ट होऊ शकते. न थांबवताही पट्टी शेवटाला पोहोचणार नव्हती. मी खुर्चीत बसून राहिले, हात मांडीवर. टीं टीं जलद झालं आणि पडदा काळा झाला. एवढं लाचार मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही.

मास्तर आले, त्यांनी मला बोल लावला नाही. उलट पाणी दिलं. डिस्क मुंबईला एका दुरुस्तीवाल्याकडे गेली आणि परत आली, ती नुसती फाइलींची नावं घेऊन. उघडलं की आत काही नाही. लिनक्सच्या खोलीतली प्रतही तशीच. मागावर तेव्हा चढलेली एक किनार तेवढी वाचली. बाकी तीस वर्षांचं काम गेलं. त्यांनी आठवून पुन्हा काढायला घेतलं. मला विचारत, ती कैरीची किनार आठवते का, पान आत वळायचं की बाहेर? मी ती रोज पाहिलेली, आणि मला आठवेना. मग त्यांनी विचारणं सोडलं. पुढे माग भंगारात गेले आणि शेड गोदामाला भाड्याने गेली.

परवा ते नाक्यावर रिक्षांच्या रांगेशी उभे दिसले. मला वाटलं रिक्षाची वाट बघताहेत. जवळ गेले तर ते येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या साड्यांचे काठ पाहत होते, एकेकीचा, अगदी टक लावून. बाईमाणसाशी मान खाली घालून बोलणारे आमचे मास्तर. एका बाईने पदर ओढून घेतला आणि त्यांच्याकडे रागाने पाहिलं. मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"एकानं तरी आपली किनार चोरायची होती, बेटा," ते म्हणाले, आणि पुढच्या रिक्षातून उतरणाऱ्या बाईकडे बघायला लागले.